तीर्थनच्या खोऱ्यात मे महिना: एका फोटो-सहलीची आखणी

आम्ही तिघं. सर शाळेत भूगोल शिकवतात, भाऊंची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि मी सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात. पक्ष्यांच्या फोटोंचं वेड तिघांनाही नांदूरमध्यमेश्वरला लागलं. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं हे राज्यातलं पहिलं पाणथळ नाशिककरांच्या दारातच, त्यामुळे हिवाळाभर आमची चंगळ असते. मार्च सरत आला की पाहुणे पक्षी परततात, ऊन आठ वाजताच पांढरंफटक होतं आणि कॅमेऱ्याच्या बॅगा कपाटात जातात. यंदा त्या कपाटात जाऊ द्यायच्या नाहीत, उन्हाळ्यात एखाद्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात जायचं, एवढंच आधी ठरलं होतं.

चौकशीला एका टूरवाल्याकडे गेलो. त्याने लगेच हिमाचलचा कागद पुढे सरकवला: मनाली, सोलंग, मणिकर्ण, कसोल, आणि जाता जाता अर्धा दिवस तीर्थन खोरं. ‘साहेब, फोटो तर सगळीकडेच निघतात,’ म्हणाला. खोटं नाही. पण आपल्याकडे सहल म्हणजे पॉइंटांची यादी, आणि यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असा हिशोब असतो. पक्ष्यांना तो हिशोब मान्य नसतो. एखादा पक्षी रोज सकाळी ठरावीक उतारावर येतो हे कळायलाच दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी तुमची गाडी पुढच्या पॉइंटला निघालेली असते.

सरांनी वेगळीच रीत काढली. वही उघडली आणि म्हणाले, ठिकाण नंतर. प्रत्येकाने एकच फोटो सांगायचा, जो नाही मिळाला तर सहल वाया गेली असं वाटेल. भाऊ क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, ‘मोनाल. उन्हातला. सगळे रंग दिसले पाहिजेत.’ मोनाल म्हणजे हिमालयातला झगमगत्या रंगांचा, रानकोंबड्यासारखा पक्षी. मला डोंगरी नदीतल्या खडकावर बसलेला डिपर, म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा छोटा पक्षी, हवा होता, भोवतीचं पाणी रेशमासारखं वाहतंय आणि पक्षी मात्र काटेकोर स्थिर. सरांचे दोन निघाले: एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा, आणि देवदारांच्या वर आकाशगंगा. एकच सांगायचा हा नियम त्यांनीच मोडला, पण वही त्यांची होती.

पुढचं सगळं नियोजन या चार ओळींवरून झालं.

राष्ट्रीय उद्यानं बरीच डोळ्यांसमोर होती. फुलांच्या दरीचं नाव घरोघरी माहीत, पण ते उद्यान उघडतंच १ जूनला, आणि फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात आणि सरांची शाळा सुरू असताना. लडाखचं हेमिस हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध, पण त्याला शोधायचा मोसम हिवाळा. केरळातलं एराविकुलम सोयीचं वाटलं होतं. निलगिरी ताहर, म्हणजे डोंगरी रानबकरे, तिथे अगदी जवळून दिसतात. पण पर्यटकांना राजमलाच्या बाजूला ठरलेल्या बसने नेतात आणि ठरलेल्या रस्त्यावर फिरवतात. पहाटे स्वतःच्या वेळेने जाऊन तासभर एका दगडामागे बसायचं असेल तर तिथे जमत नाही. शिवाय आमच्या वहीतलं त्यात काहीच बसत नव्हतं.

उरलं ते कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. १९९९ मध्ये त्याची अंतिम अधिसूचना निघाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते गेलं. क्षेत्रफळ सुमारे ७५४ चौरस किलोमीटर. तीर्थन, सैंज, जीवानाला आणि पार्वती या नद्यांची खोरी त्यात येतात. जीपने फिरण्यासारखं इथे काही नाही. उद्यानाच्या आत मोटाररस्ताच नाही, जे काही ते पायी. टूरवाल्याने तीर्थनला अर्धा दिवस का दिला होता ते इथे कळलं. अर्ध्या दिवसात माणूस उद्यानाच्या दारापर्यंतसुद्धा धड पोचत नाही.

वहीतल्या ओळी मात्र इथे एकेक करून बसायला लागल्या. तीर्थन नदीवर डिपर, प्लंबियस वॉटर रेडस्टार्ट, फोर्कटेल ही सगळी नदीकाठची पक्षीमंडळी. वर तीन हजार मीटरच्या आसपास, झाडी संपून गवताळ माळ सुरू होतात तिथे मोनाल. आणि वहीत नसलेलं एक नाव, जे ऐकल्यावर तिघंही जरा गप्प झालो: जुजुराना, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान. हिमाचलचा हा राज्यपक्षी जगात फक्त पश्चिम हिमालयात आहे, आणि या उद्यानातलं जंगल हा त्याचा मोठा आसरा. बांबूच्या दाट खुरट्या जाळीत तो राहतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे नर साद घालतो, आणि ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना त्याचं शेपूटही दिसत नाही. सर म्हणाले, हा वहीत लिहायचा नाही. लिहिला की त्याच्या मागे बाकीचे चारही जातील.

आता तारखा. इथे खरी ओढाताण होती.

भाऊंची बाग म्हणजे वेळापत्रकच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल खरडून नव्या फुटी आणणं, मग फुटी निघाल्या की विरळणी, मग सबकेन, म्हणजे शेंडा खुडून बगलफूट घेणं. या काळात बागायतदाराला बागेतून हलता येत नाही, कारण पुढच्या हंगामाचा घड ज्या काडीवर यायचा ती काडी याच दिवसांत घडते. मेचा दुसरा पंधरवडा उजाडल्याशिवाय भाऊ बागेकडे पाठ फिरवू शकत नव्हते. सरांना जूनच्या मध्याआधी परतायचं होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी चार दिवस त्यांना हजर व्हावं लागतं. माझी अडचण घरची. मुलांच्या सुट्टीत बाप एकटाच हिमालयात, हे पटवायला मामाच्या गावाची आणि आंब्यांची मदत घ्यावी लागली.

तिकडची बाजूही तपासायची होती. एप्रिलमध्ये उद्यानातल्या शिल्टसारख्या उंच मुक्कामी नाल्यांतून बर्फ असतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस जवळ येतो, आणि कुल्लू-मंडीतला पाऊस म्हणजे खेळ नव्हे. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने मनालीच्या महामार्गाचे तुकडे केलेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत. म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची फट. भाऊंची काडी, सरांची शाळा आणि हिमालयाचं बर्फ यांचं एकमत मेच्या शेवटच्या आठवड्यावर झालं. जुजुरानाच्या दृष्टीने हे उशिराचं, मोनालच्या दृष्टीने ठीक, डिपरला काही फरक पडत नाही.

सरांनी लगेच कालनिर्णय काढून अमावस्या पाहायला घेतली, आकाशगंगेसाठी. मग स्वतःच गणित मांडलं आणि स्वतःच तो फोटो खोडला. आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी मध्यभाग धनू राशीकडे, आकाशात बराच दक्षिणेला आहे. नाशिक २० अंश उत्तरेला, त्यामुळे इथून तो दक्षिण क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपास चढतो. तीर्थन जवळपास ३२ अंशांवर. तिथे तो ३० अंशांच्या वर जातच नाही, आणि अरुंद दरीत दक्षिणेला डोंगराची भिंत उभी असली की एवढं आकाश झाकलंच जातं. ‘हिमालयात जाऊन तारे टिपायचे म्हणजे रुबाब वाटतो,’ सर म्हणाले, ‘पण हा फोटो आपल्या साल्हेर किल्ल्यावरून जास्त चांगला येईल.’ मला हे फार आवडलं. अमावस्येची अट गेल्यावर तारखा मोकळ्या झाल्या आणि एका जड ट्रायपॉडची गरज संपली. सरांना तो तरीही न्यायचा होता, ते पुढे सांगतो.

प्रवासाचं फारसं काही नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. तो दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवला आणि सकाळी आठला तिघं तीन फोनवर बसलो. नाशिकरोडहून संध्याकाळची राजधानी, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली, दिवसभर आराम, संध्याकाळी काश्मिरी गेटहून मनालीची व्होल्वो. मात्र मनालीपर्यंत जायचं नाही. मंडीच्या पुढे औट येतं, तिथे बोगदा सुरू व्हायच्या आधीच उतरायचं. ड्रायव्हरला आणि क्लीनरला दोघांनाही आधी सांगून ठेवावं, कारण पहाटेच्या वेळी सगळी गाडी घोरत असते. औटहून लारजी, बंजार करत तीर्थनकाठच्या गुशैनी गावाला दोन तासांच्या आत जीप पोचते. गुशैनीची उंची जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकी. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो, तिथून आमची चढण सुरू होणार होती.

परवानगीचं काम घरबसल्या निम्मं झालं. उद्यानात शिरायला वनखात्याचा परवाना लागतो, माणशी रोजचं शुल्क आणि कॅमेऱ्याचं वेगळं. बंजार आणि गुशैनीच्या मध्ये साईरोपाला कार्यालय आहे, तिथे ओळखपत्रांच्या प्रती देऊन परवाना घ्यायचा. स्थानिक गाइड आम्ही फोनवरूनच ठरवला. हा माणूस साईरोपाजवळच्याच गावचा. उद्यान होण्याआधी याच जंगलात त्याचे वडील मेंढ्या चारायचे, गुच्छी (रानातली महागडी अळंबी) आणि जडीबुटी गोळा करायचे. १९९९ ला ते हक्क गेले. नंतर गावच्या लोकांनी गाइड, हमाल, स्वयंपाकी म्हणून कामं उभी केली. म्हणून इथे पोर्टरच्या मजुरीत घासाघीस करताना जीभ जरा आवरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हजारोंची लेन्स गळ्यात घालून दोनशे रुपयांसाठी वाद घालणारे फोटोग्राफर मी पाहिलेत.

गाइडशी पहिल्याच फोनवर दोन गोष्टी साफ झाल्या. भाऊंना ड्रोन न्यायचा होता. तो विषय एका वाक्यात संपला: परवानगीशिवाय राष्ट्रीय उद्यानात ड्रोन नाही, आणि विणीच्या मोसमात तर विचारूही नका. दुसरं, मोबाईलवर साद वाजवून पक्षी बोलवायचा नाही. ‘सर जी, वो सच में आ जाता है, और फिर अंडे पे कौन बैठेगा?’ असं तो म्हणाला. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, ते वाक्य तिघांनीही ऐकलं. त्यानंतर आमच्या गटात प्लेबॅकचा ‘प’ कोणी काढला नाही.

आता सामान. भाऊंच्या पॅकिंग शेडमध्ये द्राक्षांचे क्रेट मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एका रविवारी आम्ही बॅगा भरून तिथे नेल्या. सरांची बॅग काट्यावर ठेवली, लाल आकडे नाचून स्थिर झाले आणि भाऊ व्यापाऱ्याच्या सुरात ओरडले, ‘अठरा किलो सातशे! कडता किती धरायचा?’ कडता म्हणजे व्यापारी मालाच्या वजनातून कापतो ती घट. शेडमधल्या बायका हसायला लागल्या. सर चिडले, पण बॅग उघडली. आतून निघालं: तो जड ट्रायपॉड, फ्लॅश, लॅपटॉप आणि त्याचा चार्जर, जाडजूड पक्षिकोश, तीन लेन्सा, चहाचा थर्मास, आणि एक छत्री, लांब दांड्याची.

‘छत्री कशाला?’

‘पाऊस आला तर.’

‘सर, तिथे जंगलात दोन हात मोकळे लागतात.’

छत्री गेली, रेनकोट आला. पक्षिकोश फोनवरच्या ॲपमध्ये गेला. लॅपटॉप गुशैनीच्या होमस्टेपर्यंतच न्यायचा, वर नाही, असं ठरलं. बॅकअप म्हणून कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकदमच फोटो साठवायचे. फ्लॅश भाऊंनी परस्पर आपल्या टेबलाच्या खणात टाकला. ट्रायपॉडवर बराच वेळ गेला. शेवटी माझा हलका कार्बन फायबरचा एकच न्यायचा, कारण वहीत ट्रायपॉड लागणारा फोटो एकच उरला होता आणि तो माझा होता. सरांची बॅग पुन्हा काट्यावर चढली, अकरा भरली. भाऊ म्हणाले, ‘आता माल एक्स्पोर्टचा झाला.’

लांब पल्ल्याच्या लेन्सचं गणितही त्या शेडमध्येच सुटलं. १५०-६०० मिलिमीटरची लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. तिघांनी तीन न्यायच्या की दोघांनी एक वाटून घ्यायची? भाऊंना ती पाहिजेच. मला नदीवर ७०-२०० पुरते, कारण डिपर माणसाला फारसा जुमानत नाही. सर रांगांचे फोटो काढणार, त्यांना तर मधल्या लेन्साच उपयोगी. अशी एकच मोठी लेन्स, आणि भाऊ दमले की सरांनी ती उचलायची. बॅटऱ्या मात्र भरपूर घेतल्या. वर वीज नाही, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. रात्री त्या स्लीपिंग बॅगेत स्वतःजवळ घेऊन झोपायचं. थंडीतून उबदार खोलीत आल्याआल्या कॅमेरा उघडायचा नाही, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं.

गरम कपड्यांची गंमत वेगळीच. एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीकडे झुकलेला असताना, मी मेनरोडवरच्या दुकानात शिरलो आणि थर्मल मागितलं. दुकानदाराने पंखा माझ्याकडे वळवला. ‘बसा साहेब, पाणी घ्या आधी.’ त्याला वाटलं मला ऊन लागलंय. मग पोटमाळ्यावरून मागच्या हिवाळ्याचं उरलेलं खोकं उतरवलं, झटकलं, आणि साइज न बघता मी दोन जोड उचलले, कारण अंगावर धरून बघायचंही जिवावर आलं होतं. तिथे रात्री शून्याच्या जवळ जाणारी थंडी आणि इथे घामाने चिकटलेला सदरा. अशा वेळी माणूस सामान कमी घेतो, हे लक्षात ठेवून यादी जानेवारीतल्या थंडीची आठवण काढून करावी.

सरावाला नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर होताच. पहाटे अंधारात पायथ्याहून निघायचं, पाठीवर पूर्ण भरलेली बॅग, पठारावर पोचायचं ते उजाडता उजाडता. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं असतात. उडतं गिधाड मोठ्या लेन्समध्ये पकडून ठेवायचा सराव भाऊंना तिथेच झाला. सुरुवातीला धापा टाकत धरलेल्या लेन्समध्ये आकाश आणि कडा आळीपाळीने दिसायचे, गिधाड कुठेच नाही. मग त्यांनी नियम केला: आधी श्वास, मग कॅमेरा. शेडमधल्या काट्यापेक्षा अंजनेरीने जास्त वजन कमी केलं. दर रविवारी पायथ्याशी परतल्यावर कोणीतरी म्हणायचं, हे नको न्यायला.

मंद उजेडाचा सराव मी गंगापूर धरणाच्या मागच्या झाडीत केला. बान (हिमालयातला ओक) आणि देवदाराच्या दाट सावलीत, लेन्सचं तोंड एफ ६.३ एवढंच उघडत असेल तर शटरचा वेग खाली येतो, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० च्या पुढे न्यावा लागतो. आपल्याकडे मोकळ्या माळावर सवय झालेल्या हाताला हे आधी पटत नाही. फोटोत कण दिसले तरी चालतील, हललेला पक्षी सुधारत नाही.

गाइडने आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच पॅकेजच्या कागदावर नव्हती. मे महिन्यात तिथे हवा धुरकट असते. खालच्या डोंगरांत चीड पाइनच्या वाळलेल्या सुईसारख्या पानांमुळे वणवे लागतात, शिवाय मैदानातली धूळ वर येते. दूरच्या रांगा तेव्हा राखाडी पडद्यामागे जातात. मग एखादा वादळी पाऊस येतो, गाराही पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं धुतल्यासारखं लख्ख. तो पाऊस कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून आम्ही वेळापत्रकात मुद्दाम रिकामे दिवस ठेवले. टूरवाल्याला हे दाखवलं असतं तर त्याने त्यात जालोरी खिंड, जिभी आणि एक मंदिर बसवून दिलं असतं.

निघायच्या आधी गाइडला शेवटचा फोन केला. ‘ऊपर नालों में थोड़ी बर्फ है, पर चल जाएगा. जूते भीगेंगे.’ भाऊंनी जास्तीचे मोजे टाकले, आम्हीही टाकले.

प्रत्यक्षात काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर आखणीचं कौतुक कागदावरच राहील. डिपर पहिल्याच सकाळी मिळाला. गुशैनीच्या वर नदीकाठाने पायवाट जाते. सूर्य नाशिकपेक्षा अर्ध्या तासाहून लवकर उगवतो, पण दरीच्या तळाशी ऊन फार उशिरा उतरतं. ही सावली माझ्या पथ्यावर पडली. उजेड कमी करणारा फिल्टर न लावता शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत खाली नेता आलं, म्हणजे पाणी रेशमासारखं येईल इतकं हळू. डिपर खडकावर बसल्या बसल्या उठाबशा काढत असतो, त्यामुळे शंभर फोटोंतला एखादाच नीट स्थिर निघतो. तो निघाला. माझी सहल तिथेच वसूल झाली आणि बाकीचे दिवस मी भाऊंचा मदतनीस झालो.

उद्यानाच्या फाटकाजवळ रोल्ला नावाचा मुक्काम आहे, साधारण २१०० मीटरवर. तिथे एक रात्र जास्त काढली. उंचीची सवय व्हायला ते बरं पडतं. तिथून शिल्टपर्यंत हजारेक मीटरची सलग उभी चढण. अंजनेरीचे रविवार तिथे कामाला आले. वर पोचलो तेव्हा रांगा ठरल्याप्रमाणे धुरकट होत्या. सर कॅमेरा न काढता शांतपणे चहा करत बसले, ते पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

मोनाल दिसायला लागला, पण सावलीत. हे भाऊंना आधीच माहीत होतं तरी ते अस्वस्थ झाले. मोनालचे ते झगमगते रंग रंगद्रव्याचे नसतात. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तेव्हा ते दिसतात. ढगाळ उजेडात तोच पक्षी जवळजवळ काळा दिसतो. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी आणि आकाशात खाली असेल तरच हिरवा, निळा, तांबूस सगळं पेटतं. म्हणजे पक्षी कुठे येतो ते कळल्यावर, सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून येईल अशा बाजूला, तो यायच्या आधी जाऊन बसायचं. गाइडने जागा दाखवली. एका सकाळी ढग, दुसऱ्या सकाळी पक्षीच वर निघून गेला. मग रात्री गारांचा मारा झाला, तंबूचं कापड रात्रभर धडधडत होतं, आणि उजाडलं तो आमचा रिकामा ठेवलेला दिवस.

त्या सकाळी सरांना रांगा मिळाल्या, सात थर मोजले त्यांनी. आणि त्याच वेळी खालच्या उतारावर नर मोनाल आला. ओल्या मातीत चोच खुपसून कंद उकरत होता. मातीचे कण त्याच्या डोक्यावरच्या तुऱ्यावर उडत होते. ऊन त्याच्या मानेवर आलं तसा मानेचा रंग तांब्यासारखा झाला, मान वळली की हिरवा. भाऊंनी श्वास सोडला आणि मग लेन्स उचलली. एक्स्पोजर जरा खाली ठेवलं होतं, पाठीवरचा पांढरा पट्टा जळू नये म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. मग शीळ घालून तो दरीत झेपावला, तेव्हा तो पांढरा पट्टा लख्ख दिसला. भाऊंनी स्क्रीन माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, ‘बघ, कडता शून्य.’

जुजुरानाची साद एका पहाटे ऐकली, खालच्या बांबूतून, रडणाऱ्या मुलासारखी. दिसला नाही. तो वहीत नव्हताच, त्यामुळे कोणी हळहळलं नाही, निदान बोलून दाखवलं नाही.

परत आल्यावर हिशोब केला तर सगळ्यात मोठा खर्च गाइड, पोर्टर आणि तंबू-जेवणाचा होता. प्रवास त्या मानाने किरकोळ. भाड्याने काहीच आणलं नव्हतं, एका मोठ्या लेन्समध्ये भागलं. सर सध्या साल्हेरची अमावस्या शोधताहेत. भाऊंच्या डोक्यात आता जुजुराना बसलाय. त्यासाठी एप्रिलच्या अखेरीस जायला हवं, म्हणजे खरड छाटणी मार्चमध्येच उरकावी लागेल, आणि ती लवकर घेतली तर पुढे ऑक्टोबरच्या छाटणीचं काय करायचं, यावर त्यांची घरी वहिनींशी आणि बागेच्या सल्लागाराशी बोलणी चालू आहेत.